घरटी शेपट्या दोन

आमच्या कुत्र्याचा, बंड्याचा, लायसन्सचा अर्ज परत आला. कारण काय, तर 'फोटोत प्राणी दिसत नाही'. आता बंड्या काळा आहे, म्हणजे नाकापासून शेपटीपर्यंत काळा, त्याने डोळे मिटले की सोफ्यावर नुसता डाग उरतो आणि फोटोच्या वेळी तो हटकून डोळे मिटतो, त्याला मी काय करू. त्यात वेबसाइट म्हणते फोटो अमुक केबीच्या आत पाहिजे. तेवढा दाबल्यावर जे काही नाक दिसत होतं तेही गेलं.

म्हणून मग त्यालाच घेऊन गेले पालिकेच्या ऑफिसात. म्हटलं, बघा काय बघायचंय ते. खिडकीतल्या मुलाने बंड्याकडे बघितलं, स्क्रीनकडे बघितलं, परत बंड्याकडे बघितलं.

"कुत्रा दिसतोय ताई, पण फोटोत दिसायला पाहिजे."

"अहो, हा काय समोर उभाय."

"समोरचा अपलोड होत नाही ना."

यावर काय बोलणार? मुलगा बिचारा अगदी नम्र होता, उर्मट असता तर भांडता तरी आलं असतं. बंड्याने तेवढ्यात शेपटी हलवून आपण असल्याचा पुरावा दिला, पण तोही ग्राह्य धरला नाही.

माझ्या मागे एक काका उभे होते. हातात कागद, डोळ्यांवर चष्मा, कपाळावर दुसरा चष्मा. काही माणसं कुठल्याही ऑफिसात गेली की भिंतीवरच्या सूचना मोठ्याने वाचतात, ते त्यातले. पान खाऊन थुंकू नये वाचून झालं, अभ्यागतांची वेळ वाचून झाली, मग बोट आमच्या खिडकीवरच्या बोर्डावर आलं.

"एका कुटुंबास कमाल दोन पाळीव प्राणी. कमाल आहे! ओ साहेब, यात मासे धरायचे का?"

मुलाचे हात की-बोर्डवर थांबले. "किती आहेत?"

"ते नाही सांगता येणार. मोजायला घेतलं की जागा बदलतात."

"अंदाजे?"

"सकाळी वीस, संध्याकाळी अठरा. एक मोठा आहे, माझा त्याच्यावर संशय आहे."

मी हसले. पण मुलगा हसला नाही. त्याने खरंच स्क्रीनवरची यादी उघडून वरखाली केली. कुत्रा होता, मांजर होतं, खाली 'अन्य' होतं. "टाकी एकच आहे ना? मग सगळे मिळून एक धरू."

"म्हणजे डबा एक तर प्राणी एक?"

"तसंच काहीतरी."

"मग ह्या ताईंनी दहा कुत्रे एका खोलीत ठेवले तर एकच कुत्रा?"

"कुत्र्यांना तसं नाही काका."

"का नाही? कुत्र्याने काय घोडं मारलंय?"

रांगेतून कुणीतरी म्हणालं, घरालाच एक धरा, विषय संपवा. काकांचं तिकडे लक्षच नव्हतं, ते आता रंगात आले होते. माशांना लस दरवर्षी द्यायची का, दिली तर प्रत्येकाला वेगळी का पाण्यातच सोडायची, आणि बिल्ला मिळतो म्हणता तो अडकवायचा कुठे, माशाला मान नसते. "मान नसते" हे त्यांनी इतक्या कळवळून सांगितलं की मलाच माशांचं वाईट वाटलं. शेवटी मुलगा उठून आत साहेबांना विचारायला गेला. आम्ही सगळे ताटकळलो. बंड्या फरशीवर आडवा झाला आणि दोघंजण त्याला अडखळले, म्हणजे दिसत नाही हे अगदीच खोटं नव्हतं.

मुलगा परत आला. "साहेब म्हणाले, मासे पाण्याचं आहे, पाणीपुरवठ्यात विचारा."

"अहो मी पाणीपुरवठ्याकडेच आलोय!" काका म्हणाले. "तिकडे रांग मोठी आहे म्हणून इथे उभा होतो."

पण जाताना त्यांनी माझं काम करून दिलं, हे सांगायलाच पाहिजे. आधी म्हणाले पावडर लावा. मग म्हणाले बनियन घाला. मग स्वतःच हातातला कागद उलगडून बंड्याच्या डोक्यामागे धरला आणि मला म्हणाले काढा फोटो, तो डोळे उघडेपर्यंत मी धरतो. तो फोटो मंजूर झाला. त्यामुळे सध्या माझ्या कुत्र्याच्या सरकारी लायसन्सवर त्याच्या डाव्या कानाच्या मागे 'आठ दिवसांपासून पाणी कमी दाबाने' एवढं व्यवस्थित वाचता येतं.

हसू येतं, पण खरं सांगू का, चीड पण येते. लायसन्सला माझा विरोध नाही. माणसांना होणाऱ्या रेबीजच्या 99 टक्क्यांपर्यंत केसेस कुत्र्यांपासून होतात, हे जागतिक आरोग्य संघटना सांगून दमली, आणि 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर ती साखळी तुटते हेही सांगते. मग कुठल्या घरात कुत्रा आहे, त्याला लस दिली की नाही, हे कुठेतरी लिहिलेलं असायलाच हवं, मान्य. चिप बसवा म्हणाल तर तीही बसवलीय. तांदळाच्या दाण्याएवढी असते, आत 15 आकडी नंबर. शेजारच्यांना वाटतं त्यावरून बंड्या कुठे आहे ते मला मोबाइलवर दिसतं. नाही दिसत. तिला बॅटरी नसते, जीपीएस नसतं, स्कॅनर अंगावर धरला तरच ती नंबर सांगते. आणि नेमका तो स्कॅनर त्या ऑफिसात नव्हता! म्हणजे ज्या कुत्र्याच्या खांद्यात जगात दुसऱ्या कुणाचा नाही असा नंबर बसवलाय त्याची ओळख फोटोवरून पटवायची.

ब्रिटनमध्ये 1867 पासून कुत्र्याचं लायसन्स होतं, 1987 साली त्यांनी ते बंद केलं. तेव्हा फी होती 37 पेन्स, आणि बरेच लोक तेवढीही भरत नव्हते, गोळा करण्याचा खर्चच जास्त. म्हणजे तिथेही माझ्यासारखे शहाणे रांगेत आणि बाकीचे घरी कुत्रा मांडीवर घेऊन बसलेले. जर्मनीत पालिका कुत्र्यावर टॅक्सच घेतात, दुसऱ्या कुत्र्याला बहुतेक ठिकाणी जास्त, आणि मांजराला काही नाही. मांजरं हे सगळीकडेच कसं जमवतात देवाला ठाऊक. सगळ्यात भारी गोष्ट आइसलँडची. तिथल्या राजधानीत, रेक्याविकमध्ये, 1924 साली कुत्रा पाळायलाच बंदी घातली, कारण कुत्र्यांमधून पसरणाऱ्या एका जंताने माणसं मरत होती, कारण खरं होतं. पण ती बंदी पार 1984 पर्यंत चालली आणि त्याच सुमाराला खुद्द अर्थमंत्र्यांच्या घरी कुत्री सापडली! ते म्हणाले, देश सोडीन पण हिला सोडणार नाही. आमच्या खिडकीवर आले असते तर त्यांनाही फोटो विचारला असता.

माझा राग आहे तो त्या 'दोन'वर. दोन कुणी ठरवले, कशावरून? आमच्या मागच्या बिल्डिंगच्या गच्चीत एक कुत्रा साखळीला बांधलेला असतो, उन्हात, दिवसभर भुंकतो, रात्री रडतो. तो नियमात आहे. एकच आहे ना! पलीकडच्या गल्लीत एक आजी आहेत, त्यांच्याकडे तीन म्हाताऱ्या मांजरी, तिघी दिवसभर खिडकीत झोपून असतात, आवाज नाही की वास नाही, त्या मात्र बेकायदा. आकडा मोजायला सोपा. साखळी किती लांब आहे, पाण्याचं भांडं भरलेलं आहे का, हे बघायला जिना चढावा लागतो, तो कोण चढणार. आणि गच्चीबद्दल आम्ही तक्रार केली तेव्हा पलीकडून पहिला प्रश्न आला, "किती आहेत?" एक म्हटल्यावर फोन ठेवला. स्वित्झर्लंडमध्ये 2008 पासून उलटा कायदा आहे, गिनीपिग आणि पोपटासारखे कळपात राहणारे प्राणी एकटे ठेवायचे नाहीत, सोबत द्यायचीच. तिथे कुणीतरी प्राण्याला काय पाहिजे असा विचार केला असणार. इथे रकान्याला काय पाहिजे याचा होतो.

आणि हो, त्या अर्जात शेवटी एक प्रश्न होता, 'घरातील इतर प्राणी'. मी ठमीचं नाव लिहायला पेन उचललं आणि ठेवून दिलं. ठमी ही मांजर जिन्यातली. नियमात म्हटलंय की जो खायला घालतो, आसरा देतो, तोच मालक, आणि तसं धरलं तर ठमीला तीन मालक आहेत. संध्याकाळी जिन्यातच मीटिंग झाली. समोरच्या वहिनी म्हणाल्या, आमच्याकडे ती फक्त जेवते हो. वरचे भाऊजी म्हणाले, आमच्याकडे फक्त झोपते, खात काही नाही, तुम्ही आमच्यावर टाकू नका. मग दोघं माझ्याकडे बघायला लागले.

आमच्याकडे ती फक्त बाळंतपणाला येते. हे मी मीटिंगमध्ये बोलले नाही. माळ्यावर जुन्या सतरंजीत सध्या चार जण आहेत, बंड्या खाली बसून पहारा देतो. तीन महिन्यांच्या आतली पिल्लं मोजत नाहीत असं बोर्डावर लिहिलं होतं, काकांनीच वाचून दाखवलं होतं मोठ्याने. तोपर्यंत एखादं कुणाला हवं असेल तर सांगा. दोन काळी आहेत, फोटो मागू नका.