५० कोटी डॉलर मोजले आणि नाव काय, तर सॅन डिएगो एफसी!

मेजर लीग सॉकर या अमेरिकेतल्या फुटबॉल लीगची ३० वी टीम होण्यासाठी सॅन डिएगोच्या मालकांनी ५० कोटी डॉलर मोजले. ही नुसती आत शिरायची फी. खेळाडू, कोच, सरावाचं मैदान हा खर्च निराळा. एवढा पैसा ओतल्यावर टीमचं नाव काय काढलं? सॅन डिएगो एफसी.

अरे, त्या गावात काय कमी आहे? समोर पॅसिफिक, नौदलाचा भलामोठा तळ, हाकेच्या अंतरावर हद्द आणि पलीकडे मेक्सिकोचं तिहुआना. टीमच्या मालकीत कुमेयाय आदिवासींपैकी सिक्वान ही जमात भागीदार आहे, आणि असं या लीगमध्ये पहिल्यांदाच घडलंय. जुन्या लोकांना सत्तरच्या दशकातले ‘सॅन डिएगो सॉकर्स’ अजून आठवतात. महिलांच्या टीमने तर सरळ ‘वेव्ह’ हे नाव घेऊन टाकलं. समुद्राकाठचं गाव, लाट, विषय संपला. पुरुषांच्या टीमला मात्र आपण फुटबॉल क्लब आहोत एवढंच जगाला कळवावंसं वाटलं.

माझी कसोटी साधी आहे. नावातलं शहर खोडायचं आणि दुसरं लिहायचं. काहीच बिघडलं नाही, तर त्याला मी नाव म्हणत नाही. ऑस्टिन एफसी, शार्लट एफसी, नॅशव्हिल एससी (एफसी म्हणजे फुटबॉल क्लब, एससी म्हणजे सॉकर क्लब). यातली शहरं रात्रीतून बदलली तरी सकाळी कुणाच्या लक्षात येणार नाही. नॅशव्हिल म्हणजे अमेरिकेच्या कंट्री संगीताची पंढरी, आणि तिथल्या टीमच्या नावात संगीताचा एक सूर नाही.

हे सगळं एका जुन्या लाजेतून आलंय, असं माझं मत आहे. १९९६ मध्ये लीग सुरू झाली तेव्हा १० टीम होत्या आणि नावं अशी की आपल्याकडच्या गणेश मंडळाच्या पोरांनीही दोनदा विचार केला असता. कॅन्सस सिटी विझ. डॅलस बर्न. सॅन होजे क्लॅश. टँपा बे म्युटिनी, म्हणजे चक्क बंड! विझ नावाची विजेच्या वस्तूंची दुकानं आधीपासून होती, त्यामुळे पुढच्याच वर्षी शेपूट जोडून ‘विझर्ड्स’ करावं लागलं. शिकागोला टीम आली तेव्हा नायके कंपनीला तिचं नाव ‘ऱ्हिदम’ हवं होतं. नशीब, त्या वेळी कुणीतरी नाही म्हणायला होतं.

ही नावं पोरकट होती, कबूल. युरोपात टिंगल झाली आणि इथल्या मालकांनी ती फारच मनाला लावून घेतली. मग तिकडची नावं इकडे आणायचा सपाटा सुरू झाला. बर्नचं २००५ मध्ये एफसी डॅलस झालं, विझर्ड्सचं २०११ मध्ये स्पोर्टिंग कॅन्सस सिटी. युटा राज्यात नवी टीम निघाली तिचं नाव रियाल सॉल्ट लेक. रियाल ही स्पेनच्या राजाने द्यायची पदवी. युटा वसवला मॉर्मन लोकांनी, राज्याचं बोधचिन्ह मधमाश्यांचं पोळं. राजा आणला कुठून? पण गंमत बघा. २००९ मध्ये याच टीमने पेनल्टीवर लॉस एंजेलिस गॅलक्सीला हरवून कप, म्हणजे लीगचं विजेतेपद नेलं. जिंकलेल्या टीमच्या नावाला हसणं जरा अवघड जातं.

आता कुणी म्हणेल, मग गावाच्या इतिहासातलं नाव ठेवा की. ठेवलं होतं. ह्यूस्टनमध्ये.

२००५ च्या शेवटी सॅन होजेची टीम उचलून टेक्सासात ह्यूस्टनला नेली. (सॅन होजेचं नाव आणि आधीच्या विजयांची नोंद मात्र त्याच गावाकडे ठेवली, हे लीगने शहाणपणाचं केलं.) जानेवारी २००६ मध्ये नवं नाव जाहीर झालं: ‘ह्यूस्टन १८३६’. जर्मनीत अशी सालाची नावं असतात, हॅनोव्हर ९६, शाल्के ०४. १८३६ मध्ये अ‍ॅलन बंधूंनी ह्यूस्टन शहर वसवलं. माझ्या कसोटीला शंभर टक्के उतरणारं नाव! हे साल डॅलसला चिकटवून बघा, जमणारच नाही.

पण त्याच १८३६ मध्ये टेक्सास मेक्सिकोपासून तुटून वेगळा झाला. सॅम ह्यूस्टनने सॅन हसिंतोच्या लढाईत मेक्सिकोच्या सांता आनाचा पराभव केला, आणि टीमच्या बोधचिन्हात घोड्यावर बसलेला हाच सॅम ह्यूस्टन. आता ह्यूस्टनमध्ये फुटबॉल जीव टाकून बघतं कोण? मेक्सिकन घरांतली हजारो माणसं. ज्यांच्या खिशातून तिकिटाचे पैसे यायचे, त्यांच्याच पूर्वजांच्या पराभवाचं साल त्यांनी छातीवर मिरवायचं! ओरड झाली, आणि मार्च उजाडतो न उजाडतो तोच नाव बदलून ‘डायनॅमो’ झालं. डायनॅमो म्हटलं की आठवतात मॉस्को आणि कीव्ह. इथे सांगण्यात आलं की हे तेल आणि ऊर्जेचं शहर आहे म्हणून. ओढूनताणूनच, पण टीमने २००६ आणि २००७, दोन्ही वर्षी कप जिंकला आणि वाद विरून गेला.

या प्रकरणात मला खटकतं ते हे की नाव ठेवणाऱ्यांना इतिहास माहीत होता. पुस्तकातला, दगडी पुतळ्यांचा. समोरच्या खुर्च्यांवर कोण बसणार आहे, ते मात्र कुणी विचारलं नसावं.

याउलट शिकागो फायर. १८७१ च्या आगीत सुमारे ३०० माणसं गेली, लाखभर बेघर झाली. टीमचं नाव जाहीर केलं १९९७ मध्ये, ८ ऑक्टोबरला, म्हणजे नेमकं आगीच्या वाढदिवशीच म्हणा ना. कुणाला वाईट वाटलं नाही. सॅन होजे अर्थक्वेक्स हे नाव १९७४ पासूनचं, या लीगच्याही आधीच्या जुन्या लीगमधलं. मध्ये काही वर्षं ‘क्लॅश’ होऊन लोकांनी पुन्हा भूकंपच मागून घेतला. म्हणजे संकट जुनं झालं की त्याचं नाव चालतं का? तर १८३६ आगीपेक्षा जुनं होतं, ते का नाही चाललं? मला वाटतं, आगीत हरलेला असा वेगळा पक्ष नसतो. सगळं गाव एकाच बाजूला असतं. लढाईतल्या दोन्ही बाजूंची नातवंडं आज एकाच स्टँडमध्ये बसलेली असतात. आणि तरी काळाचाही प्रश्न आहेच. किल्लारीच्या भूकंपाला ३० वर्षं उलटून गेली, पण लातूरच्या टीमला ‘भूकंप’ म्हणायची कुणाची छाती आहे?

मी कोलंबसला राहतो, त्यामुळे इथल्या ‘कोलंबस क्रू’ या टीमच्या बाबतीत मी तटस्थ नाही हे आधीच सांगतो. १९९६ पासूनचं हे नाव. पहिल्या बोधचिन्हात डोक्यावर हेल्मेट घातलेले तीन कामगार होते. २०१७ मध्ये तेव्हाच्या मालकाने टीम ऑस्टिनला हलवायचा घाट घातला, तर लोकांनी ‘सेव्ह द क्रू’ म्हणत सळो की पळो करून सोडलं. नवे मालक आले, टीम वाचली, २०२० चा कप जिंकला. आणि मे २०२१ मध्ये त्याच नव्या मालकांनी जाहीर केलं की आता टीमचं नाव ‘कोलंबस एससी’, क्रू हे टोपणनाव म्हणून राहील!

ज्या नावाने घोषणा देऊन टीम वाचवली, तेच नाव मागच्या दाराने बाहेर. आठवड्याभरात निर्णय मागे घ्यावा लागला. कोलकात्यात मोहन बागानच्या नावाआधी मालकांनी आपल्या दुसऱ्या क्लबचं ‘एटीके’ जोडलं, तेव्हा ‘रिमूव्ह एटीके’ म्हणून लोकांनी जे केलं, तेच इथे झालं, फक्त इथले मालक लवकर नमले. (मोहन बागानचं एटीके २०२३ मध्ये गेलं, पण जागी ‘सुपर जायंट’ आलं. मालक हरला तरी थोडा जिंकतोच.)

कोलंबसच्या मालकांना २००८ चं सिअ‍ॅटल आठवायला हवं होतं. तिथे नव्या टीमसाठी लोकांसमोर तीन पर्याय ठेवले: सिअ‍ॅटल एफसी, रिपब्लिक, अलायन्स. सत्तरच्या दशकापासून तिथे ‘साउंडर्स’ नाव तोंडात बसलेलं, आणि ते यादीतच नाही. लोकांनी तिन्हींकडे पाठ फिरवली आणि स्वतःच्या हाताने साउंडर्स लिहून मतं दिली. जवळजवळ निम्मी मतं त्या नावाला पडली. ऑरेगन राज्यातल्या पोर्टलँडचे टिंबर्सही असेच, जुन्या लीगमधून आलेले, लाकूडतोडीच्या मुलखातले.

मी मूळचा कोल्हापूरचा, त्यामुळे मला हे फार ओळखीचं वाटतं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. शाहू स्टेडियमवर ही नावं ऐकत वाढलेल्या माणसाला सल्लागार नेमून नाव शोधायचं म्हणजे काय, तेच कळत नाही. तालीम आधी होती, पेठ त्याच्याही आधी होती, फुटबॉल नंतर आला. अर्थात तिथेच एक ‘प्रॅक्टिस क्लब’ही आहे, जो माझ्या कसोटीत सपशेल नापास होईल आणि तरी कोल्हापुरात त्याला कुणी परका म्हणणार नाही. सपक नावही पिढ्या गेल्या की मुरतं. पण नव्या अमेरिकन टीमला पहिल्याच वर्षी तिकिटं विकायची असतात, मुरायला वेळ कुठून देणार?

शिवाय काही नावं गावाची नसतात, मालकाची असतात. न्यू यॉर्क सिटी आणि मेलबर्न सिटी, दोघांमागे मँचेस्टर सिटीवालाच समूह, आणि २०२५ पर्यंत आपल्या मुंबई सिटीमागेही तोच होता. मुंबईचं नाव ते २०१९ मध्ये येण्याआधीपासून तसं होतं हे खरं, पण त्यांना बदलावं लागलं नाही यातच सगळं आलं.

महिलांच्या लीगमध्ये नावं एकंदरीत जास्त धीट आहेत. पोर्टलँड गुलाबांचं शहर, म्हणून टीमचं नाव थॉर्न्स, काटे. गुलाब कुणीही ठेवला असता. लुइव्हिलने आधी बर्बन व्हिस्कीवरून ‘प्रूफ’ ठेवलं, लोक म्हणाले पोरीबाळी बघायला येणार आणि दारूचं नाव कशाला, तर २०२० मध्ये घोड्यांच्या शर्यतीकडे वळून ‘रेसिंग लुइव्हिल’ केलं. किती सुंदर दुरुस्ती!

बॉस्टनने मात्र कहर केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये नाव जाहीर केलं ‘बॉस नेशन’. का, तर बॉस्टोनियन शब्दाची इंग्रजी अक्षरं उलटसुलट केली की ते तयार होतं. शब्दकोड्यातलं नाव स्टँडमधून ओरडणार कोण? वर जाहिरातीची ओळ होती ‘टू मेनी बॉल्स’, म्हणजे पुरुषांवरचा द्व्यर्थी टोमणा, त्यावरून लगेच माफी मागावी लागली. मार्च २०२५ मध्ये नाव बदलून ‘बॉस्टन लेगसी’ झालं. तोवर एकही सामना न खेळलेल्या टीमचा वारसा! पण बॉस नेशनपेक्षा काहीही बरं.

सध्या माझं सगळ्यात आवडतं नाव खालच्या लीगमधलं आहे. मेन राज्यातल्या पोर्टलँडची टीम २०२५ मध्ये सुरू झाली, ‘हार्ट्स ऑफ पाइन’. मेन म्हणजे पाइनच्या झाडांचं राज्य. जरा कवितेसारखं आहे, पहिल्यांदा ऐकून लोक हसतातही, पण दुसऱ्या कुठल्या गावाला ते उचलून नेता येणार नाही.

डेन्व्हरच्या महिलांची नवी टीम २०२६ च्या हंगामापासून, नाव ‘समिट’. लोकांच्या मतांनी ठरलं, डोंगरांचा प्रदेश आहे, कसोटीलाही उतरतं. तरी मी अर्धेच मार्क देईन. समिट म्हटलं की मला शिखर दिसत नाही, परिषदेत गळ्यात ओळखपत्र अडकवून कागदी कपातून कॉफी पिणारी माणसं दिसतात. डेन्व्हरला राहणाऱ्या मंडळींनी खुशाल भांडावं.