लेन रिकामी दिसते म्हणून काढायची?

"बीआरटी फसली. ती लेन रिकामीच असते, काढा, रस्ता आपोआप मोकळा होईल. मेट्रो आलीच आहे, हवं तर आणखी चार उड्डाणपूल बांधा." पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरून फिरून येतो. बीआरटी म्हणजे रस्त्यावर फक्त बससाठी राखलेली लेन.

आधी "लेन रिकामी असते" हे घेऊ. मिनिटाला एक बस, बसमध्ये 50 माणसं, म्हणजे तासाला 3000. शेजारच्या लेनमधून तासाला 800 मोटारी सुटल्या आणि मोटारीत दीड माणूस धरला, तर 1200. म्हणजे गच्च दिसणारी लेन निम्मीसुद्धा माणसं नेत नाही. हां, बस दहा मिनिटांनी येत असेल तर 3000 चे 300 होतात आणि मेसेजवाला बरोबर ठरतो. पण तेव्हा कमी पडतात त्या बस. लेन काढल्यानं त्या वाढणार आहेत का?

आता "फसली". कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्ग सुरू झाला डिसेंबर 2006 मध्ये. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या बससेवा एकत्र होऊन पीएमपीएमएल ही बस कंपनी झाली 2007 मध्ये. घोडं मागं, गाडी पुढं! अहमदाबादनं 2009 मध्ये जनमार्ग, म्हणजे तिथली बीआरटी, सुरू केला तो स्वतंत्र कंपनी काढून, बसच्या दाराच्या उंचीचे थांबे बांधून. आपल्याकडे दुभाजकाच्या फटीतून दुचाकी आत शिरते, वॉर्डननं शिट्टी मारली की बाहेर पडते आणि पुढच्या फटीतून पुन्हा आत. मागे भरलेली बस पहिल्या गिअरमध्ये रांगते. (त्या दुचाकीवर एकदा मीही होतो, कबूल.) लेन आखली, पण राखली कोणी?

उड्डाणपुलांचं म्हणाल, तर विद्यापीठ चौकातला पूल आठवा. पंधरा वर्षंही झाली नव्हती, 2020 मध्ये पाडावा लागला, कारण हिंजवडीची मेट्रो त्याच चौकातून न्यायची होती. हिंजवडीची मेट्रो पीएमआरडीए या महानगर विकास प्राधिकरणाकडे, बाकीची महामेट्रोकडे, शहरातले रस्ते महापालिकेकडे, बस पीएमपीएमएलकडे, वाहतुकीचं नियंत्रण पोलिसांकडे. एवढ्या जणांना एका नकाशावर आणल्याशिवाय पुढचा पूलही असाच आड येईल.

राहिली मेट्रो. वनाज स्टेशनवर उतरलेला माणूस बावधनला जाणार कसा? बसनंच. आणि ती बस चांदणी चौकाकडे जाताना तुमच्याआमच्या मोटारींच्या मागेच उभी असते.