चपला खाली, चहा वर

सांगलीत नवं घर बांधायला काढलं की पहिला प्रश्न वास्तूचा येत नाही, पाण्याचा येतो. "२०१९ ला कुठवर आलं होतं?" आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलेलं. मग कुणीतरी शहाणा सुचवतो, बैठक, स्वयंपाकघर, देवघर सगळं वर घ्या. खाली गाडी आणि झोपायच्या खोल्या. कागदावर हे अर्ध्या तासाचं काम आहे. खरा वनवास जिन्यापासून सुरू होतो.

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. चारी बाजूंनी सोडायची मोकळी जागा, म्हणजे मार्जिन, सोडून जे उरतं त्यात जिना सावकारासारखा येऊन बसतो. मजल्याची उंची १० फूट, म्हणजे १२० इंच. त्याचे १८ भाग केले की पायरी पावणेसात इंचांच्या आत येते. पाऊल ठेवायला १० इंच, रुंदी ३ फूट, मध्ये वळायला सपाट जागा, म्हणजे लँडिंग. साडेसहा बाय दहा, ६५ चौरस फूट गेले. वरच्या मजल्यावर पुन्हा तेवढेच. इथं मालक हमखास म्हणतात, "दोन पायऱ्या कमी करा की!" केल्या, तर पायरी साडेसात इंचांची होते. ती पाहुण्यांना चालते, कारण त्यांना दिवसातून एकदाच चढायची असते.

खरी गंमत पुढे. गवंडी स्लॅबपासून स्लॅबपर्यंत मोजून पायऱ्या पाडतो. नंतर दोन्ही मजल्यांवर कोबा आणि फरशीचे तीन इंच चढतात, पायरीवर मात्र ग्रॅनाइट आणि माल मिळून दीडच. झालं! पहिली पायरी दीड इंच बुटकी, शेवटची दीड इंच उंच. मधल्या सोळा पायऱ्या पाय डोळे मिटून चढतो आणि ऐन बैठकीच्या दारात ठेच खातो. पाहुणा घरात येतो तो नमस्कार घालतच. उपाय फुकटचा आहे: सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा लाकडी साचा, ठोकण्याआधी दोन्हीकडच्या तयार फरशीची पातळी भिंतीवर मारायची आणि अठरा भाग तिच्यावरून पाडायचे.

आता वर काय काय चढणार याची यादी करा. भरलेला सिलिंडर जवळजवळ ३० किलोचा. "सिलिंडर खाली ठेवू, नळी वर नेऊ" ही आयडिया सगळ्यांनाच सुचते. पण पुराच्या पाण्यात भरलेला सिलिंडरसुद्धा तरंगतो, आणि तरंगताना नळीची भीडभाड ठेवत नाही. त्यापेक्षा स्लॅब ओतण्याआधी मागच्या बाल्कनीच्या डोक्यावर सळईचं कडं सोडा, त्याला कप्पी लावा आणि सिलिंडर दोरीनं वर ओढा. सोफ्याचंही तेच. ३ फुटी जिन्यात सात फुटी सोफा लँडिंगवर वळत नाही. वळवणारे चौघे मात्र एकमेकांना भलतंसलतं बोलून बसतात. बाल्कनीचं रेलिंग नटबोल्टचं करा आणि तिचं दार चार फुटी.

पाण्याला तर वर राहणारी माणसं आवडतच नाहीत. गच्चीवर नुसती टाकी ठेवली तर खालच्या न्हाणीत धो धो पाणी आणि वरच्या शॉवरला जेमतेम तीन फुटांचा दाब. म्हणजे डोक्यावर अभिषेक. टाकी जिन्याच्या टोपीवर, म्हणजे गच्चीवर जिना जिथं निघतो त्या खोलीच्या छतावर, चढवा. मात्र हजार लिटर म्हणजे एक टन वजन, ते इंजिनिअरला आधी सांगा. टाकी आणल्यावर सांगितलं तर त्याचा चेहरा बघवत नाही.

वरची मोरी खालच्या पलंगावर येऊ देऊ नका. ओल्या खोल्या एकाखाली एक घ्या, आणि फरशी बसवण्याआधी पाणी तुंबवून तीन दिवस खालून छत बघत राहा.

पूर दारातून येतो हा एक गोड गैरसमज आहे. उंबऱ्यावर पोती रचून माणूस नदीकडे डोळे लावून बसतो, आणि पाणी मागे कमोडमधून आधीच घरात आलेलं असतं. म्हणून शेवटच्या चेंबरला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह हवाच. मीटर आणि इन्व्हर्टर वर. खालच्या मजल्याचा एमसीबी, म्हणजे वीज तोडायचा खटका, वेगळा, म्हणजे खालची वीज तोडून वर पंखा चालतो. खालची कपाटं प्लायवूडची नकोत, कडाप्प्याच्या फळ्या बऱ्या. प्लाय फुगलं की पुरीसारखं दिसतं.

आणि वर वारा मिळतो तसं ऊनही मिळतं. एप्रिलमध्ये दिवसभर तापलेला स्लॅब ती ऊब बरोबर संध्याकाळी, बैठक भरल्यावर खाली सोडतो. गच्चीवर पांढरी चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या टाइलच्या तुकड्यांची फरशी, आणि पश्चिमेच्या खिडकीला दोन फुटी छज्जा, एवढ्यावर कंजूषपणा करू नये. खाली एक खोली संडासासह म्हाताऱ्या माणसांसाठी ठेवाच, आणि पाच बाय पाचची जागा दोन्ही मजल्यांवर एकाखाली एक मोकळी. आज तिथं कपाटं, पुढेमागे लिफ्ट.

राहिली बेल. ती वाजली की वर बसलेले सगळे एकदम कामात असतात. जिन्याच्या डोक्याशी खालच्या कुलपाचं बटण बसवता येतं, पण गल्लीतला जुना उपाय अजून स्वस्त आहे.

"कोण आहे?"

"पार्सल, काकू!"

"थांब, दोरी सोडते. पिशवीत टाक की!"