दाखल्यावर दाखला

परत तेच! पोरीच्या फी-शिष्यवृत्तीचा फॉर्म भरला की 'आधार बँकेशी लिंक नाही.' अहो, तीनदा केलंय लिंक! बँकेतली बाई म्हणते झालंय, पोर्टल म्हणतं नाही. आणि मी मधे, हातात झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन, चप्पल झिजवत.

2024 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ. पेपरात वाचून आमच्या घरी पेढे वाटले होते! कॉलेजच्या खिडकीवर मात्र 'आधी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ'. आधी भरायला असते तर फॉर्म कशाला भरला असता मर्दा? आणि हॉस्टेल, मेसचं तर नावच काढू नका.

उत्पन्नाचा दाखला मिळाला तोवर डोमिसाईल अडकलं. डोमिसाईल आलं तर सर्व्हर डाऊन. सेतूतला पोरगा शांतपणे म्हणतो, "काका, रात्री बारानंतर ट्राय करा." रात्री बारानंतर ओटीपी येत नाही, तो सकाळी दूध आणायला गेल्यावर येतो.

योजनेचं नाव काय, तर राजर्षी शाहू महाराजांचं. कोल्हापूरच्या दसरा चौकातून जाताना महाराजांच्या पुतळ्याकडं बघायचं धाडस होत नाही. 1901 साली या माणसानं खेड्यातल्या पोरांसाठी बोर्डिंग उघडलं, 1917 ला प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. तेव्हा ओटीपी नव्हता, हे पोरांचं नशीब.

उद्या परत बँकेत जायचंय. पासबुकाची झेरॉक्स आणा म्हणालेत. चौथी.