दाढी-मिशीच्या मेसेजबद्दल खुलासा

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: मुलाला केस वाढवू दिले, आरशासमोर नटू दिलं, तर पुढे दाढी-मिशी येत नाही. हे खरं नाही. शरीरशास्त्राचं कुठलंही पुस्तक उघडा: साधारण 9 ते 14 वर्षांच्या दरम्यान मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी वृषणांना इशारा देते, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन वाढतं, आणि त्यामुळेच दाढी-मिशी येते. दाढी किती दाट, हे बरंचसं आनुवंशिक. शीख मुलांचे तर जन्मापासून केस कापत नाहीत, आणि त्यांच्या दाढ्या आपण पाहतोच! भिकबाळी घालणारे पुरुषही आपलेच. पोरगा केसांना रबर लावून खाली खेळायला आला, तर फार तर उवा बघा. 14 उलटूनही वयात येण्याची काहीच खूण नसेल तर डॉक्टरांना दाखवा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.