चारित्र्य पडताळणीसाठी हुकमी सल्ले

आमच्या भाच्याचं नाव सरकारी नोकरीच्या निवड यादीत आलं, अभिनंदनाचे फोन झाले आणि मग चारित्र्य पडताळणी आली. कॉलेजात असताना एका मोर्चात होता, त्याचा खटला अजून चालू आहे. फाइल 'मार्गदर्शनार्थ' वर गेली आहे. वर म्हणजे कुठे, हे विचारायचं नसतं. तर भरतीच्या तयारीला लागलेल्या मुलामुलींनो, ऐका.

घोषणा द्यायच्याच असतील तर मनातल्या मनात द्या.

मोर्चाला जायचंच असेल तर अठरा पूर्ण व्हायच्या आत जाऊन या. अल्पवयातला गुन्हा पुढे अपात्र ठरवत नाही, असं सांगणारं बाल न्याय कायद्याचं कलम २४ तुमच्या पाठीशी आहे.

बांधावरचं भांडण काकांचं असलं तरी फिर्यादीत नाव अख्ख्या घराचं येतं. तेव्हा काका निवडून जन्माला या.

कोणी म्हणेल, गुन्हा कबूल कर, किरकोळ दंड भर, विषय संपेल. जरूर भरा. विषय संपतो आणि तुम्ही सिद्धदोष होता.

साक्षांकन नमुन्यात, म्हणजे तुमच्यावरच्या खटल्यांची माहिती विचारणाऱ्या फॉर्मात, सगळं खरं लिहा. लपवलंत तर लागलेली नोकरी जाते, लिहिलंत तर लागायच्या आधीच अडकते. किरकोळ खटला प्रामाणिकपणे सांगितला असेल तर तो चालू असतानाही नेमणूक देता येते, असं सुप्रीम कोर्टाने अवतार सिंग प्रकरणात २०१६ सालीच सांगितलंय. पण तो साहेबांचा अधिकार आहे, सक्ती नव्हे. आणि सही करून अंगावर कोण घेतो?

सगळ्यात उत्तम म्हणजे नोकरीचा नाद सोडा, निवडणूक लढवा. खुनाचा खटला चालू असला तरी प्रतिज्ञापत्रात लिहिलं की झालं. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार बहुतेक गुन्ह्यांत दोषी ठरून किमान दोन वर्षांची शिक्षा होईपर्यंत तुम्ही पात्रच. असा माणूस मंत्री होतो, आणि त्याच्या दालनाबाहेर स्टुलावर बसणाऱ्या शिपायाचं चारित्र्य मात्र धुतल्या तांदळासारखं लागतं! मोर्चाला पोरं गोळा करणारा हा पुढारीच, आणि पोलिसांच्या गाडीत चढायची वेळ आली की गायब होणाराही हाच.

अहो सरकार, खटला काय पोराने लांबवला? आरोपपत्राला उशीर तुमचा, गैरहजर साक्षीदार तुमचे, पुढची तारीखही तुम्हीच देणार. वय मात्र त्याचं उलटतंय. खंडणीखोर, बलात्कारी नोकरीत नकोतच, त्यावर वाद नाही. पण त्यांच्या आणि मोर्चातल्या पोराच्या फायलींना एकच दोरी बांधून ठेवता? कलम वाचा, काय घडलं ते बघा, आणि हो की नाही ते लेखी द्या. पगार याच कामाचा घेता ना?