पहिल्या सदतिसांना सविनय नकार

आपल्या घरी उपवर चिरंजीव असतील आणि गेली चार वर्षे आपण सहकुटुंब कांदेपोहे खात हिंडत असाल, तर हे कार्य यापुढे शास्त्रशुद्ध रीतीने करावे, अशी नम्र सूचना आहे. कोणत्या स्थळापाशी थांबावे हे ठरवताना आपण आजवर पत्रिका, मामांचा कल आणि मुलीच्या वडिलांच्या फ्लॅटचे क्षेत्रफळ यांवर विसंबून राहिलात. गणितज्ञांनी मात्र हा प्रश्न केव्हाच सोडवून ठेवला असून, १९६० साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात तो वाचकांपुढे मांडलाही होता.

रीत सोपी आहे. एकूण किती स्थळे पाहायची हे आधी ठरवावे. त्यांतील पहिल्या सुमारे ३७ टक्के स्थळांना, ती कितीही चांगली असोत, नकार द्यावा. आणि त्यानंतर या सर्व नाकारलेल्यांहून सरस असे जे पहिले स्थळ येईल, तिथे साखरपुड्याची तारीख धरावी. शंभर स्थळे असतील तर ३७ सोडावीत, दहा असतील तर ३. पत्रिकेत गुण ३६ असतात, येथे टक्के ३७ आहेत. म्हणजे शास्त्र ज्योतिषाच्या एका घराने पुढेच आहे.

पहिल्या ३७ मुलींच्या घरी आपण केवळ मोजमाप घेण्यासाठी आलो होतो, हे अर्थातच सांगू नये. ‘पत्रिका जुळत नाही’ हे वाक्य अशा प्रसंगांसाठीच आपल्या पूर्वजांनी घडवले आहे. पोहे मात्र आवर्जून संपवावेत, कारण त्यांत त्या घराचा काही दोष नसतो.

इतके करून सर्वोत्तम मुलगी मिळण्याची शक्यता किती, असे कोणी विचारलेच, तर उत्तर पुन्हा ३७ टक्के असे आहे. तितकीच शक्यता ती पहिल्या ३७ टक्क्यांतच येऊन, आपले पोहे खाऊ घालून, नकार ऐकून गेलेली असण्याची आहे. तसे झाल्यास पुढे तिच्याहून सरस कोणीच येत नाही आणि आपण शेवटच्या स्थळापर्यंत चालत राहता. त्या स्थळाला मग होकार द्यावा लागतो आणि नातेवाइकांना ‘योग यावा लागतो’ असे सांगावे लागते.

या हिशेबाच्या काही अटी आहेत. नाकारलेल्या स्थळाकडे परत जाता येत नाही. दुसऱ्या क्रमांकाची मुलगी आणि शेवटच्या क्रमांकाची मुलगी यांत गणिताला काहीही फरक दिसत नाही. हे मत आपल्या आत्याबाईंचेही आहेच. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे समोरची व्यक्ती नकार देऊ शकते, ही शक्यताच यात धरलेली नाही, आणि त्यामुळे हे सूत्र आपल्या घरात विनासायास रुजेल. मुलीकडेही हेच सूत्र असेल आणि तिच्या यादीत आपले चिरंजीव नववे असतील, असल्या कल्पनांनी मन विचलित होऊ देऊ नये.

या बाबतीत खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर यांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. १६११ साली पत्नी वारल्यावर त्यांनी दोनेक वर्षांत अकरा जणींचा विचार केला. अकरा स्थळांसाठी आजचे सूत्र सांगते की पहिल्या चार सोडाव्यात आणि पाचवीपासून निवडीस लागावे. केप्लर यांना पाचवीच आवडली होती. परंतु तिची ऐपत बेताची असल्याने हितचिंतकांनी नाके मुरडली, चौथीकडे परत जावे तर ती वाट पाहून कंटाळली होती, आणि उरलेल्या सहा जणींचाही विचार करून ते अखेर त्या पाचवीकडेच, सुझानाकडे, वळले. १६१३ साली विवाह झाला आणि तो सुखाचा ठरला. एवढ्या मोठ्या गणितज्ञाने मागे न फिरण्याचा नियम मोडावा, हे शोभले नाही.

त्याच सुमारास घरी आणलेल्या मद्याच्या पिंपांत व्यापारी तिरकी काठी घालून माप काढतो, हे पाहून ते अस्वस्थ झाले आणि १६१५ साली त्यांनी पिंपांच्या घनफळावर ग्रंथच छापला. पिंपाचा आकार सर्वोत्तमाच्या जवळपास असला की त्यात थोडाफार फरक पडूनही घनफळ जवळजवळ तेवढेच राहते, असे त्यात त्यांनी नोंदवले आहे. हे चिरंजीवांच्या कानावर जाऊ देऊ नये. ते तेराव्या स्थळापाशीच ‘हीच बरी आहे’ असे म्हणून मोकळे होतील, आणि येत्या रविवारी ज्या तीन घरांना आपण वेळ दिली आहे, तेथील पोहे हातचे जातील.